मावशींच्या हनुवटीएवढा रेक

आधीच माफी मागतो. माझी शाळा नववीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडून इकडचे तिकडे होतात आणि मोठे शब्द मला येत नाहीत. चार माणसांत बोलायला उभा राहिलो तर साधे शब्दही येत नाहीत, म्हणून लिहितोय. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

आमच्या कामावर किस्से वाळूसारखे साठतात. रोज कितीही झटकली तरी थोडी वाळू बुटातून, खिशातून, जेवणाच्या डब्यातून घरी येतेच. आई ओरडते, "अजून किती आणशील?" तसेच हे किस्से. मित्र म्हणाले, आता कुठेतरी ओतून टाक.

तर, मी मावळातल्या एका गोल्फ कोर्सवर आहे. आमच्या नवलाख उंबरे गावची बहुतेक पोरं कंपनीत लागली, मी गवतात लागलो! माझं काम बंकरचं. बंकर म्हणजे मैदानात मुद्दाम ठेवलेला वाळूचा खड्डा. चेंडू त्यात पडला की खेळणाऱ्याचं तोंड वाकडं होतं. पहिला खेळाडू यायच्या आत सगळी वाळू दाताळ्याने ओढून सारखी करायची, हे आमच्या गँगचं काम. दाताळ्याला तिथे रेक म्हणतात. दिवसभर तो बंकरपाशीच असतो, खेळणाऱ्याने आपले ठसे त्याने पुसायचे.

गँगमध्ये मुख्य माणसं दोन. एक गेनू आबा, आमचे मुकादम. दुसऱ्या सुमन मावशी. मावशींसारखी वाळू कोणी ओढत नाही, हे आबाही मान्य करतात, फक्त त्यांच्यासमोर नाही. आणि आमच्यावर सुपरिंटेंडेंट साहेब. पुण्याचे, गवताचं शिक्षण घेतलेले, पँटीची इस्त्री कधी न मोडणारे. प्रत्येक वाक्य "नियम आहे" असं संपवणारे.

यंदा उन्हाळ्यात मावशींचा उजवा खांदा धरला. ऑफिसने कळवलं की दिवाळीनंतर आठवडाभर रोज पाहणी होईल. ज्याचे बंकर वेळेत होणार नाहीत, त्याला दुसरं काम. मावशींसाठी ते काम ठरलंही होतं, क्लबहाऊसच्या तळघरात टॉवेल धुवायचं.

मावशी म्हणाल्या, "तितं वारा न्हाई, माणूस न्हाई. टावेलासंगं काय बोलू मी?"

यंदाचे सगळे किस्से या काळजीच्या आजूबाजूचे आहेत. पहिला तेवढा जुना.

*

माझा पहिला दिवस. आबांनी रेक हातात दिला, एक मोठा बंकर दाखवला आणि म्हणाले, "ओढ."

मी जीव लावून ओढला. कडेने सुरुवात केली, गोल गोल फिरत आत आलो. एकेक रेघ सरळ, जणू कंगवा फिरवलाय. मग मान वर केली. मी बरोबर मधोमध उभा होतो आणि चारी बाजूंनी नुकतीच ओढलेली वाळू! एक पाऊल टाकलं तरी ठसा उमटणार.

हाक मारायची लाज वाटली. तसाच उभा राहिलो.

थोड्या वेळाने मावशी आल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "घर सारवताना आईला बघितलं न्हाईस का कवा? सारवत सारवत दाराकडं यायचं असतं, बाबा!"

आबा मागून आले. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला तितंच. काम चांगलं केलंय, कशाला मोडायचं? जेवण टाकू वरनं!"

*

रेक बंकरच्या आत ठेवायचा की बाहेर, यावर आमच्या क्लबात जेवढी भांडणं झालीत तेवढी आमच्या भावकीत बांधावरून झाली नसतील.

आमचे एक जुने मेंबर ब्रिगेडियर साहेब. त्यांचं मत ठाम, रेक आतच पाहिजे. बाहेर पडलेल्या रेकला चेंडू लागतो आणि खेळ बिघडतो. त्यांनी कमिटीत भांडून तशी नोटीस लावून घेतली.

नोटिशीची शाई वाळली नसेल, एका पाहुण्याने रेक वापरला आणि बाहेर टाकून गेला. मागून ब्रिगेडियर साहेबांचा चेंडू घरंगळत आला. सरळ बंकरकडे चाललेला. रेकच्या दांड्याला टेकला आणि गवतावरच थांबला!

ब्रिगेडियर साहेब चालत आले. चेंडूकडे पाहिलं, रेककडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"हा रेक बाहेर कोणी ठेवला?"

आम्ही सगळे एकमेकांना पुढे ढकलायला लागलो. शेवटी आबा पुढे झाले. "मी, साहेब."

"शाबास. जागा बरोबर आहे."

महिनाभरात नवी नोटीस लागली, सगळे रेक बाहेर! पुढच्याच आठवड्यात त्यांचाच चेंडू रेकला धडकून उडाला आणि थेट वाळूत गेला. आता नियम असा आहे की रेकचं डोकं आत आणि दांडा बाहेर.

आबा म्हणतात, "आता दोनी बाजूंनी शिव्या बसत्यात."

*

जुने रेक फार झिजले तेव्हा नवे घ्यायचं ठरलं. होळीच्या आधी एक विक्रेता नमुने घेऊन आला. पिवळाधमक प्लास्टिकचा रेक आमच्यासमोर धरून म्हणाला, "लाइफटाइम गॅरंटी!"

आबा म्हणाले, "कुनाच्या लाइफची?"

मग आबांनी घरून स्वतः बनवलेला बांबूचा रेक आणला. भाताच्या खळ्यावर असतो तसा. दोघांची जुंपली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "सगळे नमुने शेडच्या पत्र्यावर ठेवा. उन्हाळा जाऊ द्या."

पूर्ण उन्हाळा रेक पत्र्यावर तापत पडले. आबा येता-जाता पिवळ्या रेककडे बघून हसायचे. "चटणी व्हनार त्याची!"

वळीव झाल्यावर विक्रेता आला. मी शिडीवर चढून एकेक खाली दिला. पिवळ्या रेकचं डोकं हातात घेतलं तर दात बिस्किटासारखे मोडले. आबांनी टाळी वाजवली. मग मी बांबूचा उचलला. दांडा माझ्या हातात आला, डोकं पत्र्यावरच राहिलं!

विक्रेता हळूच म्हणाला, "आबा, तुमची पण लाइफ संपली वाटतं."

टिकला तो तिसरा, फायबरच्या दांड्याचा, जाड काळ्या डोक्याचा. त्याच्याकडे तोवर कोणी लक्षच दिलं नव्हतं. मावशींनी तो डाव्या हाताने वाळूत फिरवून पाहिला. "ह्यो बरा हाय. पन दांडा आखूड. वाकावं लागतं, मग खांदा बोलतो."

दांड्याची गोष्ट तिथून सुरू झाली.

*

बुधवारी दुपारी शेडमध्ये रेकची दुरुस्ती असते. सैल झालेले स्क्रू आवळायचे, मोडके दात बदलायचे, लाकडी दांड्यांचं कुसळ काढून त्यांना जवसाचं तेल लावायचं.

एकदा साहेब म्हणाले, "उद्या मोठ्या कंपनीचे पाहुणे आहेत. दांडे चमकले पाहिजेत."

आबांनी मनावर घेतलं. दांड्यांना तेलाने न्हाऊ घातलं! एरवी दोन दिवस मुरू देतो, तेवढा वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी बंकरमध्ये खेळून मोठ्या सभ्यपणे रेक ओढला. पुढच्या होलवर, म्हणजे खेळाच्या पुढच्या टप्प्यावर, पहिल्या पाहुण्याने जोरात स्विंग केला. चेंडू जागेवर राहिला आणि काठी तळ्यात गेली.

दुसऱ्याचीही गेली.

तिसरा हुशार होता. त्याने आधी हात पुसले. पँटीला!

*

खंडेनवमीला आम्ही सगळे रेक धुऊन, ओळीने मांडून पूजा करतो. हळद, कुंकू, झेंडूची माळ. मावशी बौद्ध आहेत. दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून त्या धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाला जातात. पण रेक धुवायला सगळ्यांच्या आधी हजर. "पूजा तुमची तुमी करा. धुयाचं मात्र मलाच द्या, तुमी दातातली घान तशीच ठेवता."

यंदा खांद्यामुळे त्यांना धुता येईना. त्या खुर्चीवर बसून आमच्याकडून धुऊन घेत होत्या. एक रेक तर त्यांनी तीनदा परत पाठवला.

पूजा झाली आणि माळा काढायच्या राहिल्या. रेक तसेच बंकरवर गेले. दुसऱ्या दिवशी मुंबईचे एक पाहुणे खेळायला आले. बंकरच्या काठावर काहीतरी आडवं, वर झेंडूची माळ, कुंकू. त्यांनी टोपी काढली. मी जवळच गवत वेचत होतो.

हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कधी झालं?"

मला वाटलं पूजेचं विचारतात. "काल सकाळी."

"अरेरे. वय काय होतं?"

वय? रेकचं? आठवून म्हणालो, "तीन वर्षं असेल."

"तीन! काय झालं होतं?"

"काही नाही साहेब. दात पडायला लागले होते."

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. मग चेंडू खिशात घातला आणि तो होल न खेळताच पुढे गेले!

*

रेक ठरला, पण दांडा ठरेना. कमिटीला आखूड दांडा हवा होता. लांब दांडा गवतावर दिसतो, फोटोत येतो. आखूड असला की मैदान कसं मोकळं दिसतं. मला दिसत होतं ते वेगळंच. आखूड दांडा आला की मावशी टॉवेलांच्या तळघरात गेल्या!

साहेबांना मी एकदा कसंबसं एवढं सांगितलं. ते म्हणाले, "मला सांगून उपयोग नाही. कमिटीत सांग. नियम आहे."

मीटिंगला मी दाराजवळ उभा राहिलो. एसी चालू होता तरी घाम. अध्यक्ष म्हणाले, "हं, बोला."

मी रात्रभर पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातून एवढंच आलं, "दांडा लांब पाहिजे."

"किती लांब?"

मी हात हनुवटीला लावला. "एवढा."

"तुमच्या हनुवटीपर्यंत?"

"नाही. सुमन मावशींच्या."

सगळे हसले. ब्रिगेडियर साहेब तर टेबलावर हात आपटून हसले. "आणि या सुमन मावशी आहेत किती उंच?"

मला सांगता येईना. मावशींची उंची कोणाला माहीत असते? मी म्हणालो, "बोलावून आणू?"

पुन्हा हसू. मी बाहेर आलो, तेव्हा सगळं बुडवलं असंच वाटत होतं. आबा दाराबाहेरच होते. "काय बोललास?"

सांगितलं.

आबांनी कपाळाला हात लावला. "मुक्या, येवढ्या दिसांनी तोंड उघडलंस, ते मावशीची हनुवटी दाखवायला?"

पण दुसऱ्या दिवशी साहेब टेप घेऊन बंकरवर आले. मावशींना बांबू धरून सरळ उभं केलं, वाकून पाहिलं, हनुवटीपाशी खूण केली, पुन्हा मोजलं. म्हणाले, "या मापाचा दांडा मागवलाय. ब्रिगेडियर साहेबांनी जोर लावला. त्यांचीही पाठ दुखते म्हणे."

मावशी खूण बघत म्हणाल्या, "लग्नातल्या झंपराचं माप बी कुनी येवढं नीट घेतलं न्हवतं!"

*

एक अडचण राहिलीच. नवे रेक यायला वेळ होता, आणि दिवाळीनंतरची ऑफिसची पाहणी त्याआधी येऊन ठेपली.

मावशींच्या वाट्याचा सगळ्यात अवघड बंकर तळ्याकडचा. खोल, एका बाजूने भिंतीसारखा चढ. वाळू खालून वर ओढायची, त्यात खांदा पार कामातून जातो. जुन्या आखूड रेकने तर विचारूच नका.

पाहणीच्या पहिल्या दिवशी मी घरून अंधारातच निघालो. ठरवलं होतं की मावशी यायच्या आत तळ्याकडचा बंकर आपण उरकायचा. जाऊन पाहतो तर ओढून झालेला!

आबा असणार. मी काही बोललो नाही, आपल्या कामाला गेलो.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी आणखी लवकर गेलो. धुकं एवढं की तळं दिसत नव्हतं. करंजाच्या झाडामागे कोणीतरी उभं होतं. जवळ गेलो तर आबा!

"तू कशाला आलास?" आबा कुजबुजले.

"तळ्याकडचा ओढायला. पन तुमीच ओढताय न्हवं रोज?"

"मी? मी रोज येतुया, तर आधीच झालेला असतुया. मला वाटलं तू."

"मी न्हाई."

तेवढ्यात खालून आवाज आला. खर्र. खर्र.

आम्ही झाडाआडून डोकावलो. गवतावर काळे बूट शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत घडी करून. आणि बंकरमध्ये, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आखूड रेक हातात घेऊन आमचे साहेब! दोन रेघा ओढायचे, मागे सरून बघायचे, मान हलवायचे आणि परत ओढायचे.

आबांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्यांच्यातला मुकादम जागा झाला. "आरं, वाळू वर न्यायची सोडून खाली आनतंय हे! आन त्या रेघा बघ..."

मी त्यांचा हात धरला. आबा मागे सरले. म्हणाले, "चल. आपुन काय बघितलं न्हाई."

उजाडल्यावर मावशी आल्या. बंकरच्या काठावर उभ्या राहून त्यांनी वाळू पाहिली आणि आबांना हाक मारली.

"आबा! रोज माज्या आधी येऊन तुमी ओढता, मला काय कळत न्हाई व्हय? उपकार झाले. पन हाताला झालंय काय तुमच्या? नांगरट केल्यावानी दिसतंय! आता मलाच परत फिरावं लागंल वरनं."

आबांनी आयुष्यात कोणाकडून वाळूबद्दल शब्द ऐकून घेतला नव्हता. सगळी गँग बघत होती. आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "वय झालं माजं, सुमन."

शेवटच्या दिवशी ऑफिसचा माणूस सगळे बंकर फिरून गेला. साहेब शेडमध्ये आले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सगळ्यांचे बंकर वेळेत झालेले आहेत. सुमन मावशी बंकरवरच राहतील. नवे रेक यायला अजून दोन-तीन आठवडे लागतील. तोपर्यंत आहे तसंच चालू द्या."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच काढला. मग स्वतः चहा ओतला आणि पहिला ग्लास साहेबांना दिला. साहेबांनी आधी खिशातून रुमाल काढला, ग्लासाभोवती धरला आणि मगच ग्लास घेतला.

"हाताला काय झालं, साहेब?"

"काही नाही. दारात सापडला."

"दोनी हात?"

साहेबांनी घाईने चहा संपवला आणि ते केबिनकडे निघाले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या ग्लासात बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधला एक बरा रेक निवडला, त्याच्या दांड्याला हात येतो तिथे सायकलची जुनी ट्यूब घट्ट गुंडाळली, आणि तो साहेबांच्या केबिनच्या दाराशी उभा करून कामाला गेलो.